नवरंग, मोहिनी आणि आपण

होळीच्या दिवशी सोसायटीच्या स्पीकरवर कोणती गाणी वाजणार हे डोळे मिटून सांगता येतं. एक 'शोले'चं (१९७५), एक 'सिलसिला'चं (१९८१), मधे एखादं अगदी ताजं, आणि साठीच्या पुढचे एखादे काका फोन घेऊन पुढे सरसावले की 'नवरंग'चं. आशाबाई आणि महेंद्र कपूर. ठेका सुरू झाला रे झाला की हातात पिचकारी धरलेली चिल्लीपिल्लीसुद्धा नाचायला लागतात.

बरं, यातल्या किती जणांनी 'नवरंग' हा सिनेमा पाहिलाय? मी ऑफिसात सहज विचारून बघितलं. गाणं सगळ्यांना माहीत. "ती डोक्याच्या मागे मुखवटा लावून नाचते तेच ना?" हेही बऱ्याच जणांना माहीत. सिनेमा? एकाने "अर्धा पाहिलाय" असं सांगितलं, आणि कुठला अर्धा ते त्याला आठवेना.

मी पूर्ण पाहिलाय, तोही तीनदा. मला तो मनापासून आवडतो. आणि तो काही फार चांगला सिनेमा नाही हेही मला पक्कं माहीत आहे. या दोन वाक्यांच्या मधे जी जागा आहे ना, तिच्याबद्दल आज लिहायचंय.

आधी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. 'नवरंग' हा व्ही. शांतारामांनी राजकमल कलामंदिरातर्फे १९५९ मध्ये काढलेला हिंदी, रंगीत सिनेमा. संगीत सी. रामचंद्रांचं, गीतं भरत व्यासांची, लेखनाच्या श्रेयात चक्क आपले गदिमा, कॅमेऱ्यावर त्यागराज पेंढारकर. नायक महिपाल, नायिका संध्या. श्रेयनामावली वाचताना वाटतं की सिनेमा हिंदी असला तरी स्वयंपाकघर बरंचसं मराठी आहे.

गोष्ट अशी. इंग्रजांचा अंमल देशभर पसरत होता त्या काळातलं एक संस्थान. तिथे दिवाकर नावाचा कवी. त्याचं आपल्या बायकोवर, जमुनावर, जीवापाड प्रेम. पण जमुना पडली व्यवहारी. घरात काय आहे, काय संपलंय, उद्याचं काय, याची तिला काळजी. नवऱ्याला हवी नटलेली, लाजणारी, त्याच्या कवितेला दाद देणारी सखी. ती प्रत्यक्षात मिळत नाही म्हणून तो मनातल्या मनात एक सखी घडवतो. तिचं नाव मोहिनी. आणि मोहिनीचा चेहरा कुणाचा? जमुनाचाच! दोन्ही भूमिका संध्याबाईंच्याच. मोहिनीवर कविता करून करून दिवाकर दरबारात मोठा होतो. इकडे जमुनाच्या कानावर 'मोहिनी' हे नाव पडतं आणि कुठल्याही बायकोला जे वाटेल तेच तिला वाटतं. पुढे मूल होतं, इंग्रजांविरुद्ध गायल्यामुळे दिवाकरची मिळकत जाते, जमुना घर सोडून जाते, आणि ती गेल्यावर या थोर कवीला एक ओळ सुचेनाशी होते. मग शेवटी काय होत असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता दोष. भरपूर आहेत.

पहिला दोष म्हणजे हा सगळा गैरसमज दोन वाक्यांत मिटण्यासारखा आहे. "अगं, मोहिनी म्हणजे तूच." बस. संपला सिनेमा. पण हे वाक्य बायकोच्या गळी उतरवायला आपल्या कवीला अख्खा सिनेमा लागतो. दुसरा दोष अभिनयाचा. सगळं रंगभूमीच्या जुन्या वळणाचं. मान वेळावणं, डोळे विस्फारणं, वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं. संध्याबाईंच्या मानेची आणि डोळ्यांची नक्कल आमच्या आधीच्या पिढीत कॉलेजच्या गॅदरिंगला हमखास व्हायची. तिसरा, विनोद. आगा असूनही तो आज फारसा हसवत नाही. चौथा, रंग. एका फ्रेममध्ये किती रंग असावेत याला काही मर्यादा? शांतारामांच्या लेखी नसावी.

पाचवा दोष मात्र जरा गंभीर. सिनेमा बराच वेळ कवीच्या बाजूने उभा राहतो. जमुना म्हणजे अरसिक, जमुना म्हणजे रुक्ष, अशा सुरात तिची बाजू मांडली जाते. तिला घर चालवायचंय हा जणू तिचा गुन्हा. यावर पुढे येतोच.

पण आधी हे रंगांचं वेड आलं कुठून ते बघू, कारण ती गोष्ट सिनेमाइतकीच रंजक आहे.

शांतारामांना रंग खुणावत होते ते 'नवरंग'च्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधीपासून. कोल्हापुरात १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी निघाली, आणि १९३३ मध्ये तिने 'सैरंध्री' रंगीत काढायचं ठरवलं. आपल्याकडे तशी सोयच नव्हती. म्हणून शांताराम फिल्म घेऊन जर्मनीला गेले, तिथे प्रक्रिया करवून घेतली. पण रंग मनासारखे आले नाहीत. भडक, विचित्र. इतका खटाटोप, इतका खर्च, आणि हाती काय? तर पडद्यावर नको तसे दिसणारे चेहरे. भारतातच प्रक्रिया केलेला रंगीत चित्रपट, 'किसान कन्या', यायला १९३७ उजाडावं लागलं. त्याच्याही चार वर्षं आधीची ही उडी. पडली, पण उडी होती.

पुढे प्रभात पुण्याला आली, शांताराम १९४२ मध्ये प्रभात सोडून मुंबईत परळला आले, राजकमल उभी राहिली. आणि १९५५ मध्ये त्यांनी जुना हिशेब चुकता केला. 'झनक झनक पायल बाजे', टेक्निकलरमध्ये. गोपीकृष्णांचं नृत्य, संध्याबाईंनी त्यासाठी घेतलेली मेहनत, वसंत देसाईंचं संगीत. सिनेमा तुफान चालला.

मग १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ'. कृष्णधवल. रंग बाजूला ठेवून सहा कैद्यांची आणि एका जेलरची गोष्ट. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. पण या सिनेमाच्या चित्रीकरणात बैलाशी झुंज घेताना शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्ट्या. दृष्टी परत येईल की नाही ही धास्ती. ज्याचं सगळं आयुष्य बघण्यावर उभं आहे असा माणूस अंधारात पडून राहिलाय, अशी कल्पना करून बघा. त्या अंधारात त्यांना रंग दिसत राहिले आणि त्या रंगांतून पुढे 'नवरंग' आला. सिनेमाच्या सुरुवातीला शांताराम स्वतः पडद्यावर येऊन ही हकिगत सांगतात.

हे कळल्यावर 'नवरंग'चा भडकपणा मला थोडा वेगळा दिसायला लागला. दोष तो आहेच. पण डोळे परत मिळालेल्या माणसाने रंगपेटी उघडल्यावर तो हात आखडून रंग वापरेल, ही अपेक्षाही जरा जास्तच. आणि मग ध्यानात येतं की अंधारात पडून मनातल्या मनात रंग बघणारे शांताराम आणि मनातल्या मनात मोहिनी बघणारा दिवाकर, यांच्यात फारसं अंतर नाही.

आता गाण्यांकडे येऊ. (आलोच होतो, होळीच्या निमित्ताने.)

सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, जन्म १९१८, गाव नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. नायक व्हायला सिनेमात आलेला आणि संगीतकार झालेला माणूस. त्यांचा आवाका बघा. 'अलबेला' (१९५१) मध्ये पाश्चात्त्य वाद्यांची धमाल. 'अनारकली' (१९५३) मध्ये लताबाईंच्या आवाजातली ती आर्त गाणी. 'आशा' (१९५७) मध्ये निरर्थक शब्दांचं ते धुमाकूळ गाणं, जे अजून लग्नाच्या वरातीत वाजतं. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी हाच माणूस ढोलक, घुंगरू, बासरी आणि अस्सल देशी चाली घेऊन 'नवरंग'मध्ये उभा राहतो. शांतारामांबरोबर त्यांनी आधीही काम केलं होतं, 'परछाईं' (१९५२) आणि 'सुबह का तारा' (१९५४) मध्ये.

पण १९५९ येईपर्यंत एक मोठी गोष्ट घडली होती. लता मंगेशकर आणि सी. रामचंद्र यांच्यात दुरावा आला होता. ज्या आवाजासाठी अण्णांनी (इंडस्ट्रीत त्यांना अण्णाच म्हणत) आपल्या उत्तमोत्तम चाली बांधल्या, तो आवाजच आता मिळणार नव्हता. 'नवरंग'मध्ये लताबाईंचं एकही गाणं नाही. सगळी मदार आशाबाईंवर. आज आपण आशाबाईंची कारकीर्द सलग बघतो म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही, पण त्या काळी मोठ्या संगीतकारांची मुख्य गाणी अजून बहुतेक करून थोरल्या बहिणीकडे जात. इथे मात्र अख्खा सिनेमा आशाबाईंचा. लाडिक, खट्याळ, आर्जवी, उदास, सगळं एकाच सिनेमात.

पुरुषांच्या आवाजातही असंच. मन्ना डे आहेत, स्वतः अण्णाही 'चितळकर' या नावाने आहेत, पण मुख्य मान गेला तो नवख्या महेंद्र कपूरला. मेट्रो-मर्फी गायन स्पर्धा जिंकून हा मुलगा पुढे आला होता. त्या स्पर्धेच्या परीक्षकांत सी. रामचंद्रही होते. 'नवरंग' आणि त्याच वर्षीचा 'धूल का फूल', या दोन सिनेमांनी महेंद्र कपूर हे नाव घरोघरी पोचलं.

एकच गाणं नमुन्याला घेऊ. अर्ध्या चंद्राचं ते द्वंद्वगीत. हे गाणं मालकंस रागावर बेतलेलं आहे. शास्त्रीय संगीताशी माझं नातं ऐकण्यापुरतं, पण एवढं सांगतो: मालकंसात रिषभ आणि पंचम हे दोन स्वर नाहीतच. पाचच स्वर, त्यातले गंधार, धैवत, निषाद कोमल. उत्तररात्रीचा, गंभीर, काहीसा धीरगंभीर राग. 'बैजू बावरा' (१९५२) मध्ये नौशादांनी त्यात रफीसाहेबांचं भजन बांधलं होतं आणि लोक हात जोडून ऐकत. अण्णांनी त्याच रागात प्रेमगीत केलं! आणि गाण्याचा विषय काय, तर अर्धेपण. चंद्र अर्धा, रात्र अर्धी, बोलणं अर्धं राहिलेलं. ज्या रागात दोन स्वर मुळातच नाहीत त्या रागात अपुरेपणाचं गाणं. अण्णांनी हे ठरवून केलं की आपोआप झालं, देव जाणे. ऐकताना मात्र सगळं नेमकं जागेवर बसलेलं वाटतं.

भरत व्यासांबद्दलही बोललं पाहिजे. राजस्थानातल्या चुरूचे. जन्म १९१८, म्हणजे अण्णांच्याच वयाचे. उर्दूच्या त्या जमान्यात संस्कृतकडे झुकणारी शुद्ध हिंदी घेऊन गाणी लिहिणारा हा कवी. 'नवरंग'मध्ये त्यांनी स्वतःच्या आवाजात एक गाणं गायलंय, आणि ते माझं सगळ्यात लाडकं आहे. त्यात कवीला सल्ला दिलाय की बाबा रे, कविता पुरे, धंद्यापाण्याचं बघ, चार पैसे गाठीला बांध. कवीच कवीला सांगतोय, तेही कवितेत! नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लिहिणाऱ्या कुणालाही हे गाणं ऐकताना गुदगुल्या होतील. (मला झाल्या. पगार मात्र चालू ठेवलाय.)

आणि हा कवी पडद्यावर रंगवणारे महिपाल? तेही खरोखरीचे गीतकार. 'आप की सेवा में' (१९४७) मधलं लताबाईंचं हिंदी सिनेमातलं पहिलं पार्श्वगीत महिपाल यांनी लिहिलं होतं. म्हणजे लताबाईंच्या पहिल्या हिंदी गाण्याचा कवी बारा वर्षांनी अशा सिनेमाचा नायक होतो, जिथे लताबाईंचा आवाजच नाही. सिनेमाच्या इतिहासात असे योगायोग पावलोपावली सापडतात, आणि म्हणूनच तो वाचायला मजा येते.

तर आता मुद्द्यावर. सिनेमा डळमळीत आणि गाणी अजरामर, असं आपल्याकडे शेकडो वेळा झालंय. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'लूज कपलिंग'. दोन भाग एकमेकांना असे सैल जोडायचे की एक उचलून दुसरीकडे नेला तरी काही मोडत नाही. हिंदी सिनेमातली गाणी बहुतेक वेळा अशीच असतात. नायक-नायिका बागेत गेले, गाणं झालं, परत आले. ते गाणं काढून दुसऱ्या सिनेमात टाका, कुणाला पत्ता लागणार नाही.

'नवरंग'चं तसं नाही. इथे नायकच कवी आहे. गाणी हाच त्याचा उद्योग. आणि त्याची मोहिनीवरची गाणी जन्माला येतात ती घरातल्या एका भांडणातून. जमुना नटत नाही, म्हणून मोहिनी नटते. जमुना लाजत नाही, म्हणून मोहिनी लाजते. घरात जे मिळत नाही ते गाण्यात येतं. म्हणजे ही गाणी सिनेमाला चांगलीच घट्ट जोडलेली आहेत. आणि तरीही आपण ती अलगद सोडवून घेतली! हे झालं कसं?

त्याला बऱ्यापैकी जबाबदार आहे रेडिओ. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (आपलेच, पुण्याचे) माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताची गोडी लागावी हा हेतू. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच १९५२ मध्ये तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी आकाशवाणीलाही शहाणपण सुचलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. म्हणजे 'नवरंग' आला तेव्हा दोन्हीकडून गाणी कानावर पडत होती. सिनेमा थिएटरात एकदा बघायचा, फार तर दोनदा. गाणी मात्र रोज, स्वयंपाक करताना, दाढी करताना, दुकानात बसल्या बसल्या. काही वर्षांत सिनेमाची गोष्ट पुसट झाली आणि गाणी उरली.

पुढची गंमत टीव्हीची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, आणि गुरुवारचं छायागीत म्हणजे घरोघरचा सण झाला. पण टीव्ही कृष्णधवल! आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, आणि त्यानंतरही कित्येक घरांत जुनेच संच होते. आमच्याकडेही लाकडी शटरचा टीव्ही पुढे बरीच वर्षं टिकला. म्हणजे ज्या सिनेमाच्या नावातच नऊ रंग आहेत, जो दृष्टी जाता जाता वाचलेल्या माणसाने रंगांच्या ध्यासातून काढला, तो एका अख्ख्या पिढीने करड्या रंगाच्या छटांत पाहिला. आणि तरी आमची आई "काय रंग होते त्या गाण्यात!" असं म्हणायची. तिने लहानपणी थिएटरात पाहिलेले रंग ती त्या करड्या पडद्यावर मनाने भरत असणार.

मग कॅसेट आल्या, एमपीथ्री आल्या, यूट्यूब आलं. दर टप्प्यावर गाणं सिनेमापासून आणखी एक पाऊल लांब गेलं.

आता बघा, आपण काय केलंय ते. घरात बसलेली जमुना आहे: लांबण लावणारी, जरा रुक्ष, डोळे विस्फारून बोलणारी. तो सिनेमा. आणि तिच्यातलं तेवढं सुरेल उचलून आपण एक मोहिनी घडवली आहे, जी कधी रेंगाळत नाही, कधी कंटाळा आणत नाही. ती गाणी. मोहिनीवर सगळ्यांचं प्रेम. जमुनाकडे बघायला कुणाला वेळ नाही. 'नवरंग'ने ज्या नवऱ्याची गोष्ट सांगितली, 'नवरंग'च्या बाबतीत आपण अगदी तोच नवरा झालो आहोत.

माझा अंदाज असा की हे एका सिनेमापुरतं नाही. "तो सुवर्णकाळ होता" असं आपण म्हणतो तेव्हाही आपण मोहिनीच घडवत असतो. १९५९ हेच वर्ष घ्या. 'सुजाता', 'अनाडी', 'गूंज उठी शहनाई' (याचीही गाणी भरत व्यासांची), 'कागज के फूल'. नुसती नावं वाचली तरी हात कानाला जातो. पण 'कागज के फूल' बघा. तोही एका कलावंताचा आणि त्याच्या प्रेरणेचा सिनेमा. भारतातला पहिला सिनेमास्कोप. तो पडला, आणि गुरुदत्तने त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपलं नाव कुठल्याही सिनेमाला लावलं नाही. 'नवरंग' चांगला चालला, पण तिथेही एक दुरावा होता ज्याच्यामुळे अण्णा आणि लताबाई यांची पुढची कित्येक गाणी झालीच नाहीत. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत कवी प्रदीपांच्या त्या गाण्याने दोघांना पुन्हा एकत्र आणलं आणि पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही हकिगत आपण दर २६ जानेवारीला ऐकतो. त्याच्या आधीची अबोल वर्षं मात्र कुणी सांगत नाही. अण्णांचा बहराचा काळही 'नवरंग' आणि 'स्त्री' (१९६१) नंतर ओसरत गेला. सुवर्णकाळात राहणाऱ्या माणसांना घरभाडं, भांडणं, आजारपणं सगळं होतं. सोनं आपण नंतर चढवलं.

मग करायचं काय? मोहिनी टाकून द्यायची? अजिबात नाही. गाणी ऐकायचीच. मी फक्त एवढं म्हणतो की एखाद्या रविवारी दुपारी पंख्याखाली बसून अख्खा सिनेमा बघा. कंटाळा येईल. येऊ द्या. मोबाइल लांब ठेवा आणि गाण्यांच्या मधल्या भागात जमुनाकडे लक्ष द्या. नवऱ्याला राजाश्रय आहे तोवर ती घर सांभाळते, मिळकत गेल्यावरही घर तिलाच सांभाळावं लागतं. तिची तक्रार ऐकताना मला हटकून वाटतं की अरे, ही बरोबर बोलतेय! १९५९ च्या प्रेक्षकाला ती कदाचित अडसर वाटली असेल. आज, जिथे दोघंही नोकरी करतात आणि दोघांपैकी कुणाला तरी दूधवाल्याचा हिशेब ठेवावाच लागतो, तिथे ती सिनेमातली सगळ्यात खरी व्यक्ती वाटते.

मग होळीचं गाणं येतं. संध्याबाईंनी पुढून गोपीचा वेश केलाय, डोक्याच्या मागे पुरुषाचा मुखवटा. गिरकी घेतली की तो, परत गिरकी घेतली की ती. मधे चक्क हत्ती नाचून जातो. सुटं बघितलं तर ही मजेशीर करामत. सिनेमात बघितलं तर वाटतं, अरे, या गाण्यात तर अख्खी गोष्ट सांगून टाकली आहे! एकच शरीर, दोन चेहरे. छळणारा आणि छळ सोसणारी एकच. जमुना आणि मोहिनीही तशाच, एकाच बाईच्या दोन बाजू, आणि आपला कवी शेवटपर्यंत एकाच बाजूने बघत बसलाय. संध्याबाईंच्या ज्या अतिरेकी हावभावांना लोक हसले त्यांचं इथे काय होतं बघा. मुखवट्याच्या बाजूने नाचायचं म्हणजे पाठमोरं नाचायचं, आणि पाठीने बोलायचं म्हणजे अंग असंच मोठं बोलावं लागतं. त्यांची ती शैली या गाण्यात दागिना होऊन जाते.

शेवटाकडे जमुना निघून गेल्यावर दिवाकरची वाणी सुकते. मोहिनी तर त्याच्या डोक्यात होती, ती कुठे गेली नव्हती. मग कविता का थांबली? कारण मोहिनीचं सगळं सामान जमुनाच्या घरातून येत होतं. हे सिनेमा उशिरा सांगतो, रडारड करत सांगतो, पण सांगतो. त्या शेवटासाठी मी त्याचे बाकीचे दोष पोटात घालायला तयार आहे.

अण्णा आणि भरत व्यास, १९१८ मध्ये जन्मलेले हे दोघं, १९८२ या एकाच वर्षी गेले. शांताराम १९९० मध्ये, महिपाल २००५ मध्ये, महेंद्र कपूर २००८ मध्ये, मन्ना डे २०१३ मध्ये. संध्याबाई २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या तेव्हा त्या दिवशी फोनवर जो तो त्यांच्या गाण्यांचे तुकडे पाठवत होता. बहुतेक सगळे तुकडे मोहिनीचे होते. मी त्या रात्री सिनेमा सुरुवातीपासून लावला आणि जमुनाचे प्रसंग पुढे न ढकलता पाहिले. रेंगाळतो, भडक आहे, मधे जांभई येते. आणि मग मालकंस सुरू होतो.